आठ औंस म्हणजे एक कप का? मऊ चीजचं कैली आणि वजनी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीच्या जाऊबाईंनी दोन पाककृती पाठवल्या. चीजकेकमध्ये क्रीम चीजची ८ औंसांची ३ पाकिटं आहेत, आणि ओव्हनमधल्या रसमलाईत पावणेदोन कप रिकोटा, म्हणजे ओलसर, मऊ कणांचं इटालियन चीज. नाशिकात क्रीम चीज २०० ग्रॅमच्या डब्यात मिळालं, रिकोटा मिळालंच नाही. डबे ३ आणून ठेवलेत. आता ८ औंस म्हणजे १ कप धरायचा का, तीन डबे पुरतील का, आणि रिकोटाऐवजी पनीर घेतलं तर किती घ्यायचं?

आधी आकडे देते, कारणं मागाहून. ८ औंसांचं पाकीट म्हणजे २२७ ग्रॅम. तीन पाकिटांचे ६८० ग्रॅम होतात आणि तुमच्या फ्रिजमध्ये ६०० आहेत, म्हणजे ८० ग्रॅम कमी. पावणेदोन कप रिकोटा म्हणजे तिथला १५ औंसांचा एक डबा, ४२५ ग्रॅम. त्याच्या जागी ताजं पनीर २६५ ग्रॅम आणि वर १६० ग्रॅम दूध घ्या. ४२५ ग्रॅम पनीर घालू नका, वड्या भुशासारख्या कोरड्या होतील.

आता औंसाची भानगड. आपल्याकडे पूर्वी 'शेर' हा शब्द मापालाही होता आणि वजनालाही. धान्य मापट्या-चिपट्याने, शेराने, पायलीने मोजायचं. तूप-गूळ तराजूत पावशेर, अदपाव असं जोखायचं. म्हणून जुनी माणसं कैली का वजनी हे आधी विचारून घेत. कैली म्हणजे मापाने, वजनी म्हणजे तराजूने. १९५६ च्या कायद्याने ग्रॅम-लिटर आले आणि आपली त्या गोंधळातून सुटका झाली. अमेरिकेची झाली नाही. तिथला औंस अजून कैलीही आहे आणि वजनीही. वजनी औंस २८.३५ ग्रॅमचा, कैली औंस साधारण २९.६ मिलिलिटरचा. पाकिटावरचे ८ औंस वजनी असतात, कपातले ८ औंस कैली.

क्रीम चीजच्या बाबतीत मात्र ही चूक खपून जाते. अमेरिकन कप २३७ मिलिलिटरचा, आणि त्यात दाबून भरलेलं क्रीम चीज २३२ ग्रॅम बसतं. म्हणजे २२७ ग्रॅमचं पाकीट जवळजवळ एक कप भरतं. जाऊबाई '८ औंस म्हणजे १ कप' म्हणतात ते त्यामुळेच, आणि क्रीम चीजपुरतं ते बरोबर आहे. पण हा योगायोग आहे. तोच हिशेब कुस्करलेल्या फेटाला, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या ग्रीक चीजला लावलात तर फसाल, कारण त्याच कपात फेटा १५० ग्रॅम बसतं. किसलेलं मोझरेला तर ११२ ग्रॅमच. ८ औंस फेटा म्हणजे दीड कप आणि ८ औंस किसलेलं मोझरेला म्हणजे दोन कप. पाकीट तेच, तराजूतलं वजन तेच, पण कप एकाचा एक, एकाचा दीड, एकाचे दोन.

हे असं होतं कारण आपण कपात नुसतं चीज भरत नाही, चीज आणि हवा भरतो. दुधातलं स्निग्ध पाण्यापेक्षा हलकं, प्रथिनं पाण्यापेक्षा जड, आणि मऊ चीजमध्ये निम्म्याच्या वर पाणीच असतं. सगळं मिळून बहुतेक मऊ चीजचा गोळा पाण्याच्या आसपास जड असतो, थोडा इकडे नाहीतर थोडा तिकडे. म्हणजे खरा फरक चीजच्या जातीत कमी आणि आपल्या हातात जास्त. दाबून भरलं, सोडून भरलं, कुस्करलं, किसलं, फेटलं, यावर कप ठरतो. फेटून हवा भरलेलं क्रीम चीज वेगळं मिळतं, ब्रेडला लावायचं. साध्याचा एक टेबलस्पून साडेचौदा ग्रॅमचा भरतो, त्या फेटलेल्याचा दहाचाच. डब्यावर नाव जवळपास तेच असतं. चीजकेकला ते कधीही आणू नका.

मी ठाण्यात घरून ऑर्डरी घेते. श्रीखंड बावीस वर्षं, चीजकेक बारा. चीजकेकच्या पहिल्या वर्षी मीही कपानेच मोजत होते. फ्रिजमधून काढलेलं थंडगार क्रीम चीज, सुरीने तुकडे केले, कपात टाकले, वरून सपाट दिसलं की झाला कप. तीन कप मोजले आणि केक ऑम्लेटसारखा झाला, अंड्याचा वास वेगळा. ऑर्डर एका बारशाची होती. पैसे परत केले आणि दुसऱ्या दिवशी तेच तुकडे तसेच कपात भरून काट्यावर ठेवले: १८५ ग्रॅम. तुकड्यांच्या मधल्या फटींनी कपामागे सत्तेचाळीस ग्रॅम खाल्ले होते. तीन कपांत एकशे चाळीसच्या वर. साखर आणि अंडी मात्र पूर्ण पडली होती. त्या दिवसापासून कप पिठाच्या डब्यात गेला, चीजसाठी पुन्हा काढला नाही.

तुमच्याकडे काटा नसेल तर आधी तो घ्या. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, भांड्याचं वजन वजा करायचं बटण असलेला डिजिटल काटा. स्प्रिंगचा, सुई फिरणारा घेऊ नका, पन्नास ग्रॅमच्या आत त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. नवा काटा खरा आहे का हे दुधाच्या पिशवीवर बघता येतं. अर्ध्या लिटरची न फोडलेली पिशवी ठेवा, ५१५ च्या आसपास दाखवायला हवी, वर प्लॅस्टिकचे दोन-तीन ग्रॅम. ५०० नाही, कारण दूध पाण्यापेक्षा किंचित जड असतं. मिलिलिटर म्हणजे ग्रॅम नव्हे हे यात आपोआप कळतं.

मग डब्यातलं चीज मोजायची माझी रीत. उघडलेला डबाच काट्यावर ठेवायचा, बटण दाबून शून्य करायचं आणि चमच्याने काढत जायचं. काटा उणे दाखवायला लागतो. उणे १२५ दिसलं की १२५ ग्रॅम पातेल्यात गेलं. कप चिकट होत नाही, कपाच्या तळाशी चीज राहत नाही, एक भांडं कमी घासावं लागतं.

कपच वापरायचा असेल, म्हणजे पाककृती कपात आहे आणि काटा यायला आठवडा आहे, तर क्रीम चीज तासभर बाहेर ठेवून मऊ होऊ द्या. चमच्याच्या पाठीने तळाशी दाबा, कडेने हवा राहू देऊ नका, ओट्यावर फडकं घालून कप दोनदा आपटा, मग सुरीच्या पाठीने वर सपाट करा. रिकोटाला उलट: दाबायचं नाही, चमच्याने सोडायचं आणि वर सपाट करायचं. दाबलं तर पाणी वर येतं आणि चीज जास्त बसतं. काही जण मापाच्या जगमध्ये पाणी घेऊन त्यात तुकडे बुडवतात आणि पाणी किती चढलं ते बघतात. लोण्याला ते चालतं. मऊ चीज पाण्यात घालायला माझा हात धजत नाही.

आणि कप कुठला? अमेरिकन कप २३७ मिलिलिटर, ऑस्ट्रेलियातला २५०, जपानमधला २००, आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांतला अर्ध्या पाइंटचा २८४. आपल्याकडे प्लॅस्टिकचे संच मिळतात त्यांवर २४० तरी असतं नाहीतर २५०. चमच्यांतही तेच: बाकी सगळीकडे टेबलस्पून १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात २० चा. मेलबर्नच्या भाचीने पाठवलेली पाककृती आणि न्यू जर्सीच्या जावेची एकाच चमच्याने करू नका. सपाट कप-चमच्यांचा आग्रह पहिल्यांदा जोरात धरला तो बोस्टनच्या फॅनी फार्मर बाईंनी, १८९६ साली. त्याआधी तिकडेही आपल्या 'सुपारीएवढं लोणी, लिंबाएवढी चिंच' यासारखंच चालायचं. बाईंनी सपाट कप दिला आणि अमेरिका त्या कपालाच चिकटून राहिली. इटलीत हा त्रास नाही. तिथे बाजारात रिकोटा 'दोन एत्तो द्या' असं मागतात, एक एत्तो म्हणजे १०० ग्रॅम, आणि पाककृतीतही ग्रॅमच असतात. म्हणून तिरामिसू, म्हणजे मस्कारपोने या सायीच्या मऊ चीजचं इटालियन गोड, करायचं असेल तर मी इटालियन बाईची पाककृती शोधते. मस्कारपोने किती कप, हा प्रश्नच उरत नाही.

तुमच्या घरातल्या वाटीचंही एकदा माप काढून ठेवा. रिकामी वाटी काट्यावर, शून्य, मग काठोकाठ पाणी. जितके ग्रॅम दिसतील तितक्या मिलिलिटरची वाटी. माझी आमटीची स्टीलची वाटी १५२ भरली. आता या मिलिलिटरना गुणायचं: क्रीम चीजला ०.९८ ने, रिकोटाला १.०४ ने, बारीक दाण्याच्या कॉटेज चीजला ०.९५ ने, कुस्करलेल्या फेटाला ०.६३ ने, किसलेल्या मोझरेलाला ०.४७ ने. माझी वाटी क्रीम चीजची १४९ ग्रॅम होते, फेटाची ९६. पनीरला मी आकडा देत नाही. हाताने मोकळं कुस्करलेलं पनीर आणि मळून गोळा केलेलं पनीर यांत जवळजवळ दुपटीचा फरक पडतो. ते फक्त वजनी घ्यायचं.

इंग्रजी पाककृती वाचताना स्वल्पविराम कुठे आहे ते बघा. 'एक कप फेटा, कुस्करून' असं लिहिलं असेल तर आधी मोजायचं, मग कुस्करायचं. 'एक कप कुस्करलेलं फेटा' असेल तर आधी कुस्करायचं. दोन्हींत चांगला पन्नास-साठ ग्रॅमचा फरक पडतो. खाऱ्या पाण्यात बुडवलेलं मोझरेला आणि फेटा आणाल तेव्हाही डब्यावर पाण्यासकट वजन आहे का पाणी काढून, ते वाचून घ्या.

आता तुमचे ८० ग्रॅम. तीन मार्ग आहेत आणि मी मधला घेईन. एक, चौथा डबा आणायचा. तो महाग पडतो, आणि १२० ग्रॅम उरतात. तीन, रात्रभर टांगलेला घट्ट चक्का ८० ग्रॅम घालायचा. एकूण चीजच्या आठव्या हिश्शापर्यंत चक्का खपतो, किंचित आंबटपणा येतो तो मला आवडतो. त्याहून जास्त घातला तर केक भुसभुशीत कापला जातो. दोन, म्हणजे मधला: सगळी पाककृतीच ६०० ग्रॅमवर आणायची. ६०० भागिले ६८० म्हणजे ०.८८. साखर १ कप, म्हणजे २०० ग्रॅम होती, ती १७६ घ्या. अंडी ३ आहेत, त्यांना ०.८८ ने कसं गुणायचं म्हणून घाबरू नका. अमेरिकेत 'मोठं' अंडं कवच काढून ५० ग्रॅम धरतात. माझ्याकडे येणारी अंडी कवच काढून ४४-४५ भरतात. त्यांच्या तीन अंड्यांचे १५० ग्रॅम, त्याला ०.८८ ने गुणलं की १३२. आपली तीन अंडी तितकीच. म्हणजे अंडी तीनच राहू द्या. केक थोडा बुटका होईल, त्यामुळे सात-आठ मिनिटं आधीपासून बघायला लागा.

वजन जुळलं तरी एक गोष्ट काट्याला कळत नाही, ती म्हणजे पाणी. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे क्रीम चीजमध्ये स्निग्ध ३३ टक्क्यांपेक्षा कमी आणि पाणी ५५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. तिथलं पाकिटातलं चीज विटेसारखं उभं राहतं. आपल्या डब्यातलं पुष्कळदा चमच्यावरून सरकतं, कारण ते ब्रेडला लावायला केलेलं असतं. डब्याच्या मागे स्निग्धाचा आकडा वाचा. तो पंचविसाच्या खाली असेल तर चीज दोन तास मलमलच्या कापडात टांगा आणि मग पुन्हा वजन करा. टांगल्यावर ५६० भरलं तर हिशेब ५६० वरून, डब्यावरच्या ६०० वरून नाही.

रिकोटा-पनीरचा आकडा याच पाण्यातून आला. साईच्या दुधाच्या रिकोटात पाणी सुमारे ७२ टक्के, म्हणजे घन भाग २८. ४२५ ग्रॅमचे २८ टक्के म्हणजे ११९ ग्रॅम. पनीरमध्ये पाणी पंचावन्नच्या आसपास, घन भाग ४५. ११९ ग्रॅम घन भाग यायला २६४ ग्रॅम पनीर लागतं. उरलेले १६० ग्रॅम पाण्याचे, ते दुधाने भरायचे. पनीर घरी केलेलं, फार न दाबलेलं घ्या. दूध घालून मिक्सरमध्ये फिरवा, हाताला रवा लागेनासा होईपर्यंत. विकतचं कडक पनीर असेल तर दूध १८० पर्यंत न्या. मुळात रिकोटा म्हणजे चीज करून उरलेल्या निवळीला पुन्हा उकळी देऊन काढलेला कण, नावाचा अर्थही 'पुन्हा शिजवलेलं' असाच. म्हणून ते पनीरपेक्षा मऊ आणि गोडसर लागतं. साखर एखादा चमचा वाढवावी लागेल, चव बघून ठरवा. अमेरिकेतल्या आपल्या बायकांनी ही रसमलाई केली ती दूध फाडायला वेळ नाही म्हणून. तुम्हाला उलटं जायचंय, रिकोटावरून पनीरवर. खरं तर छेन्याचे गोळे करून पाकात उकळणं तुम्हाला सोपं पडेल, पण ओव्हनमधली करायची हौस असेल तर हे प्रमाण बरोबर येतं.

आता चक्क्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण आपलं मऊ चीज तेच, आणि कैली-वजनीचा सगळ्यात मोठा गोंधळ त्यातच होतो. 'चक्क्याइतकी साखर' असं सगळे सांगतात. हलवाई ते तराजूत करतो: किलोला किलो, कमीत कमी आठशे. घरी आपण वाटीला वाटी करतो. माझ्या १५२ च्या वाटीत घोटलेला चक्का १६० ग्रॅम बसतो आणि दाणेदार साखर १२८. म्हणजे वाटीला वाटी केलं की चक्क्याच्या ऐंशी टक्केच साखर पडते. 'आईचं श्रीखंड बेताचं गोड असायचं, विकतचं फार गोड' असं म्हणतो त्यातला बराचसा भाग या वाटीचा आहे. आणि कुणी हुशारीने पिठीसाखर घेतली की संपलंच: तीच वाटी पिठीसाखरेची पंचाहत्तर-ऐंशी ग्रॅमची, म्हणजे निम्मी गोडी. 'पिठीसाखरेने श्रीखंड आंबट होतं' ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे. साखर तीच असते, वाटीत हवा जास्त गेलेली असते.

चक्क्याचं दुसरं असं की तो टांगून ठेवाल तसा बदलत जातो. एक किलो घट्ट दही चार तास टांगलं तर माझ्याकडे साडेपाचशे-सहाशे ग्रॅम चक्का निघतो, रात्रभर टांगलं तर सव्वाचारशेच्या आसपास. 'एक किलो दह्याचं श्रीखंड' या मापाला म्हणून अर्थ नाही. उतरवल्यावर वजन करायचं आणि त्यावर साखर. मी किलोला ८५० ग्रॅम घालते, केशर-वेलदोड्याच्याला. आम्रखंडाला ६००, कारण रस गोड असतो.

तुम्ही मस्कारपोनेचंही विचारलंय, पाव कप, वरून पसरायला. साधारण ५५ ते ६० ग्रॅम धरा. तिथे पाच ग्रॅम इकडेतिकडे झाल्याने काही बिघडत नाही, काटा काढू नका.

चौथा डबा आणलातच तर उरलेलं १२० ग्रॅम बर्फाच्या कप्प्यात टाकू नका, फुटून रवाळ होतं. हिरवी चटणी मिसळून सँडविचला संपवा. आणि जाऊबाईंना फोन कराल तेव्हा एकच विचारा: त्या रिकोटा डब्यातून थेट घेतात का आधी कापडात गाळून घेतात. गाळून घेत असतील तर वरचे १६० ग्रॅम दूध १०० वर आणा.